परदेशातल्या माणसाचं रिटर्न, घरातला ओटीपी

मी हदगावहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते, म्हणून तामसा, मनाठा, निवघा या भागातल्या गटांत माझं नेहमी जाणं-येणं असतं. हल्ली बैठकीत कर्जाचे हप्ते आणि हळदीचा भाव बोलून झाला की एखादी ताई हळूच विचारते, "आमचे हे सौदीला आहेत. त्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न कुठून भरायचं? मोबाईलवर दहा ठिकाणच्या जाहिराती येतात, त्यातली खरी कोणती?"

प्रश्न रास्त आहे. माणूस तिकडं कामाला असला तरी बँकेचं पासबुक, पॅनकार्ड आणि पुष्कळदा त्याचं इकडचं सिमकार्डसुद्धा घरातल्या बाईकडंच असतं. म्हणून आजचं बोलणं याच विषयावर.

पहिली शंका आधी मिटवते. नवऱ्यानं किंवा मुलानं घरखर्चाला पाठवलेल्या पैशावर तुम्हाला टॅक्स लागत नाही. अनिवासी माणसानं तिकडं काम करून तिकडंच मिळवलेल्या पगारावर भारतात कर नाही. मात्र त्याचं भारतात जे उत्पन्न आहे, म्हणजे ठेवीचं व्याज, घरभाडं, प्लॉट विकून झालेला नफा, त्याचा हिशोब इथं द्यावा लागतो. आणि एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. नवऱ्यानं दिलेल्या पैशाची तुम्ही स्वतःच्या नावानं एफडी केली, तरी तिचं व्याज कायद्यानं नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

आता अनिवासी कोण? पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का आहे म्हणून कुणी अनिवासी होत नाही. इथं दिवस मोजतात. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिला, तर तो त्या वर्षापुरता निवासी. धरा, एक मुलगा २० ऑगस्ट २०२४ ला कतारला गेला आणि मार्चपर्यंत आला नाही. त्याचे भारतातले दिवस झाले १४२. तो अनिवासी. दुसरा १० नोव्हेंबरला गेला. त्याचे दिवस झाले २२४. तो त्या वर्षी निवासीच राहिला, आणि त्याचा नोव्हेंबर ते मार्चचा कतारचा पगारही इथल्या हिशोबात आला. दोघं एकाच कंपनीत, एकाच खोलीत राहत असतील, पण दोघांचं रिटर्न वेगळं.

म्हणून रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर निवडताना माझी पहिली कसोटी हीच आहे. ते सुरुवातीलाच विचारतं का, की तुम्ही या वर्षात भारतात किती दिवस होता? जे विचारत नाही आणि थेट आकडे भरायला लावतं, ते आपल्या कामाचं नाही.

दुसरी कसोटी फॉर्मची. गावात नोकरदार माणसं भरतात तो आयटीआर-१, म्हणजे सहज. हा फॉर्म अनिवासी माणसाला चालत नाही. छोट्या धंद्यासाठीचा आयटीआर-४, सुगम, तोही चालत नाही. व्याज, भाडं असं उत्पन्न असेल तर आयटीआर-२, आणि भारतात धंदा असेल तर आयटीआर-३. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण तेही फॉर्ममध्ये दाखवायचं. कुणी "सहज भरून देतो, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणालं, तर तिथंच ओळखा.

तिसरी कसोटी सवलतीची. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत कर नव्हता, आणि ७ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला सूट मिळून कर शून्य होत होता, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यातली ३ लाखांची मर्यादा अनिवासीला मिळत होती, पण ७ लाखांची ती सूट फक्त निवासी माणसाला होती. सॉफ्टवेअरनं अनिवासीला ती सूट लावून दाखवली, तर कुठंतरी निवासी असं टिचकावलं गेलंय असं समजा.

मग भरायचं कुठं? वाटा तीन आहेत. एक, सरकारचं स्वतःचं ई-फायलिंग पोर्टल, इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. जून २०२१ पासून ते नव्या रूपात आहे. तिथं एक रुपयाही लागत नाही, आणि बँकेनं कापलेला कर, व्याज हे बरंचसं आधीच भरून येतं. दोन, क्लिअरटॅक्स, क्विको यांसारख्या खाजगी साइट. त्या भाषा सोपी करून प्रश्न विचारतात, पण पैसे घेतात. जाहिरातीतला दर बहुधा साध्या पगारदाराचा असतो, अनिवासीचा दर वेगळा विचारा. आयकर विभागाकडे ई-रिटर्न मध्यस्थ म्हणून त्यांची नोंदणी आहे का, तेही पाहा. तीन, सीए किंवा कर सल्लागार. प्लॉट विकलाय, दोन्ही देशांत कर भरलाय, किंवा वर सांगितलं तसं नोव्हेंबरला गेलेल्या मुलाचं रिटर्न आहे, तर जाणत्या माणसाला पैसे देणं परवडतं. नुसत्या एफडीच्या व्याजासाठी सरकारी पोर्टल पुरेसं आहे.

आता कुणी म्हणेल, उत्पन्नच थोडं, मग रिटर्न कशाला? याचं उत्तर बँकेच्या कापणीत आहे. माणूस अनिवासी झाला की त्याचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं असतं, त्याच्या व्याजावर कर नाही. पण एनआरओच्या व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापते. धरा, ४ लाखांची एफडी आहे आणि ७ टक्के दरानं वर्षाचं व्याज २८,००० झालं. त्यातले ८,७३६ रुपये कापले जातील. आपण गावात १५जी फॉर्म भरून कापणी थांबवतो, तसं अनिवासीला करता येत नाही. त्याचं भारतात दुसरं काही उत्पन्न नसेल, तर हे सगळे पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. आठ-साडेआठ हजार म्हणजे आपल्या गटातल्या एखाद्या ताईचे कर्जाचे कितीतरी हप्ते.

परतावा येण्यासाठी दोन गोष्टी जागेवर हव्यात. बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं हवं, आणि पॅन चालू हवं. १ जुलै २०२३ पासून आधारला न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. ज्या अनिवासीकडं आधारच नाही, त्याला जोडणीतून सूट आहे, पण आपण अनिवासी आहोत हे त्यानं विभागाला कळवलेलं असावं लागतं. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची, नाहीतर भरलेलं वाया. पडताळणी आधारच्या ओटीपीनं होते, आणि तो ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. म्हणून माणूस विमानात बसायच्या आधी ते सिम चालू राहील याची सोय करा. ते जमलं नाही, तर सहीची पावती बेंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टानं पाठवता येते.

तायांनो, सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. तो ओटीपी म्हणजे तुमच्या माणसाची सही आहे. फोनवर "वहिनी, जरा आकडा सांगा" म्हणणाऱ्याला तो देऊ नका. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं देशभरात १५० ठिकाणी तपास केला, त्यात महाराष्ट्रही होता. काही एजंट लोकांच्या नावानं खोटी घरभाडी, खोट्या देणग्या, खोटे विमे दाखवून परतावा काढत होते आणि त्यावर कमिशन घेत होते. रिटर्नसाठी तात्पुरता ईमेल काढायचा आणि नंतर सोडून द्यायचा, म्हणजे विभागाची नोटीस आली तरी ती कुणी वाचतच नाही. नोटीस एजंटच्या नावानं निघत नाही, ज्याचं पॅन त्याच्या नावानं निघते. म्हणून सॉफ्टवेअर कुणाचंही असो, ईमेल आपला, मोबाईल आपला, पासवर्ड आपला आणि बँक खातं आपलं. परताव्यात टक्केवारी मागणारा माणूस उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

ज्यांची मुलं अमेरिकेत शिकतात त्यांच्यासाठीही दोन शब्द. तिकडंही हाच नियम आहे, आधी विचार की मी इथं कोण. शिक्षणाच्या व्हिसावरचा मुलगा सुरुवातीची वर्षं तिकडं अनिवासी धरला जातो आणि त्याला १०४०-एनआर हा फॉर्म लागतो. तिकडचं नावाजलेलं टर्बोटॅक्स हा फॉर्म भरत नाही, त्यासाठी स्प्रिंटॅक्ससारखं वेगळं सॉफ्टवेअर आहे. पुढं तो तिथला निवासी झाला आणि त्याच्या भारतातल्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहिती तिकडच्या सरकारला द्यावी लागते. म्हणून मुलाच्या नावावर इथं एफडी ठेवली असेल तर त्याला कळवा. लपवायचं नसतं, पण त्याला माहीतच नसतं.

२०२४-२५ च्या उत्पन्नासाठी शेवटची तारीख १६ सप्टेंबर २०२५ होती. ती चुकली तरी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होतं, पण रिटर्न भरणं बंधनकारक असलेल्याला विलंब शुल्क पडत होतं, ५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,००० रुपये आणि त्यापुढं ५,०००.

पुढच्या बैठकीला ज्यांचं माणूस परदेशात आहे त्यांनी एक कोरा कागद आणा. त्यावर लिहा: तो कोणत्या तारखेला गेला आणि कधी कधी आला, खातं साधं आहे की एनआरओ, बँकेनं किती कर कापला, आधारला कोणता मोबाईल जोडलाय, आणि पोर्टलचा पासवर्ड कुणाकडं आहे. पासवर्ड लिहू नका, फक्त कुणाकडं आहे ते लिहा. पाचव्या ओळीत एजंटचं नाव आलं, तर त्याच दिवशी पासवर्ड बदलून घेऊ. बाकीच्या चार ओळी भरल्या असतील, तर कोणतं सॉफ्टवेअर लागेल हे तुमचं तुम्हालाच कळेल.