घरातली गडबड

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

कवीनं कवितेवर बोलावं, वायफायवर कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी बी. ए. पर्यंत शिकलेला माणूस. फ्यूज बांधण्यापलीकडे माझं विज्ञान कधी गेलं नाही. तरी आज घरातल्या इंटरनेटवर बोलणार आहे, कारण त्याबद्दलचं अज्ञान मला एकदा फार महागात पडलं.

मे 2020. रमजानचे दिवस आणि टाळेबंदी. धुळ्याला माझे थोरले भाईजान हृदयविकारानं गेले. जळगावहून धुळं शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास हवा, अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा. पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावला. "चाचा, दीदार करून घ्या," म्हणाला. मी मागच्या खोलीत पलंगावर बसलो होतो. त्यानं चेहऱ्यावरचं कफन बाजूला केलं आणि चित्र गोठलं. मधोमध चकरी फिरत राहिली. चित्र परत आलं तेव्हा जनाजा दाराबाहेर पडला होता. पुण्यात भाची त्याच कॉलवर होती. तिला सगळं दिसलं.

मी कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. पुढे 40 चा प्लॅन सोडून 100 चा घेतला. पैसे वाढले, चकरी तशीच. यूट्यूबवर मुशायरा लावावा, तर शायर पहिला मिसरा म्हणून तोंड उघडं ठेवून थांबायचा. दाद दोन मिनिटांनी यायची!

2022 साली लाइन तपासायला एक मुलगा आला, अमळनेरकडचा. त्यानं राउटरला वायर जोडून लॅपटॉपवर वेग मोजला : 94. मग माझ्या पलंगापाशी वायफायवर मोजला : 3. हसून म्हणाला, "चाचा, लाइन चांगली शे. घरमाच गडबड शे."

आमचं घर जुन्या जळगावातलं, धाब्याचं. मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड. राउटर मधल्या खोलीच्या कोनाड्यात आणि कोनाड्यासमोर लोखंडी कपाट. ते कपाट तिथं मीच सरकवलं होतं. राउटरचे दिवे रात्री डोळ्यांवर येतात म्हणून.

आता जरा समजून घेऊ. वाघूर धरण काठोकाठ भरलेलं असलं, तरी आपल्या नळाला धार किती हे घरातल्या पाइपावर ठरतं. तसंच हे. स्पष्ट, म्हणजे 1080पी दर्जाच्या चित्राला सेकंदाला साधारण 5 मेगाबिट, म्हणजे 5 एमबीपीएस पुरतात. 4के चित्राला 15 ते 25. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग पूर्वी 512 केबीपीएस होता, जानेवारी 2023 मध्ये तो 2 एमबीपीएस केला गेला. म्हणजे 40 चा प्लॅन एका कुटुंबाला सहसा पुरतो. प्रश्न असतो तो पलंगापर्यंत किती पोचतं याचा.

आणखी एक भेद आहे. सिनेमा पुढचा थोडा भाग आधीच भरून ठेवतो, आपण हौद भरतो तसा. मध्ये धार बारीक झाली तरी काही वेळ निभतं. व्हिडिओ कॉलला हौद नाही. तो क्षण आला तसा गेला.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. वेग मोजण्याची साधनं मोबाइलवर फुकट मिळतात. एकदा राउटरला वायर जोडून मोजा, एकदा नेहमीच्या जागी बसून. वायरवरच वेग कमी असेल, तर दोष बाहेरचा. सकाळ, दुपार, रात्रीचे आकडे तारखेसह लिहून तक्रार करा. वायरवर चांगला आणि पलंगावर कमी असेल, तर दोष घरातला.

दुसरं काम जागेचं. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर हवा. लोखंड, जाड भिंत, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे लहरींना अडवतात. आपल्याकडचा पाण्यानं भरलेला पत्र्याचा कूलर तर दुहेरी अडथळा. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. बंद कोनाड्यात राउटर तापून अडखळतो. त्यालाही हवा लागते.

तिसरं, बहुतेक नव्या राउटरवर दोन पट्टे असतात. 2.4 गिगाहर्ट्झचा लांब जातो, पण तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते, मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. राउटरच्याच खोलीत टीव्ही असेल तर 5 चा घ्या, लांबच्या खोलीत 2.4 चा. टीव्ही जागचा हलत नाही. त्याला सरळ वायरच ओढा. कॅट 5ई वायर 100 मीटरपर्यंत 1000 एमबीपीएस वाहून नेते.

आणखी पाहा, घरातला एखादा मोबाइल आपल्या नकळत शेकडो फोटो वर चढवत बसलेला असतो. कॉलच्या वेळी ते थांबवा. रिपीटर घ्यायचाच तर अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे, निम्म्या वाटेवर लावा. त्याच्यापर्यंतच सिग्नल धड पोचला नाही, तर तो पुढे काय देणार? वीज वारंवार जात असेल, तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. नवा राउटर, मोठा प्लॅन हे सगळं शेवटी.

आम्ही राउटर मधल्या दारावरच्या उघड्या फळीवर ठेवला. मधली दारं उघडी ठेवली की पलंगापाशी तीनाचे अडतीस होतात. खर्च म्हणाल तर दोन खिळे आणि चार हात वायर. मग 100 चा प्लॅन सोडून पुन्हा 40 चा घेतला.

आता दर जुम्म्याला धुळ्याला भाभींशी बोलतो. त्यांच्या मागच्या भिंतीवर, खुंटीला अडकवलेला भाईजानांचा चष्मा दिसतो. त्याच्या काडीला बांधलेला दोरासुद्धा स्वच्छ दिसतो. मग मनात येतं, त्या दिवशी पलंगावरून उठून मधल्या खोलीत गेलो असतो, कपाट हातभर सरकवलं असतं, तर! पण तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज तुम्हाला सांगितलं.

घरी गेलात की आधी राउटर कुठं आहे ते पाहा.