पूर्वजांची भूमी



परदेशांत वाढलेल्या ज्यू मुलामुलींनी पूर्वजांची भूमी डोळ्यांनी पाहावी, म्हणून १९९९ साली इस्रायलची दहा दिवसांची मोफत सहल सुरू झाली. तिला ‘तग्लित’ म्हणतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर ती थांबली, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा निघाली. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटले, विमाने बंद झाली. तेव्हा सुमारे १,५०० मुलांना बोटीने सायप्रसला पोचवले. घरी त्यांच्या आयांचा जीव कसा टांगणीला लागला असेल! पण त्या हल्ल्यात इस्रायलमधल्या आणि पुढच्या युद्धात गाझातल्या कितीतरी आयांची मुले परतलीच नाहीत. पूर्वजांची भूमी मुलांनी जरूर पाहावी. मात्र तिथल्या शेजाऱ्याचे दुःखही पाहावे. तरच ती यात्रा पुरी झाली, असे मला वाटते.