२५ मिनिटांचं उड्डाण, पण प्रवास किती?



आज एक छोटं गणित करू. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. तिथलं मुख्य गाव लाँगयिअरब्येन. त्याच्या वायव्येला नी-ओलेसुन्ड ही संशोधकांची वस्ती. आपलं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून तिथेच आहे. दोन्हीकडे धावपट्टी आहे. मधलं अंतर किती?

दोघांच्या रेखांशांत साधारण ३.६ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर याचे ४०० किलोमीटर झाले असते. पण ध्रुवाकडे रेखांश एकमेकांजवळ येत जातात. इथे एका अंशाचे १११ नव्हे, जेमतेम २२ किलोमीटर उरतात. म्हणजे पश्चिमेकडे ८० आणि उत्तरेकडे सुमारे ७५. काटकोन त्रिकोण मांडा, कर्ण येतो ११० किलोमीटरच्या आसपास. भिंतीवरचा नकाशा मात्र हे अंतर भलतंच ताणून दाखवतो.

या मार्गावर डॉर्नियर २२८ हे छोटं विमान उडतं. आपल्याकडे हेच विमान कानपूरला बनतं. उड्डाणाला लागतात साधारण २५ मिनिटं.

झालं गणित? नाही. मधे डोंगर, हिमनद्या आणि फियोर्ड आहेत, रस्ता नाही. आठवड्याला मोजक्याच फेऱ्या. नी-ओलेसुन्डची धावपट्टी आखूड, खडीची. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. ढग खाली आले, वारा सुटला, की विमान जागेवरच थांबतं. मग त्या २५ मिनिटांसाठी एक दिवस लागेल की तीन, हे हवामान ठरवतं.

हा धडा मी लडाखमध्ये शिकलो. आमच्या चौकीपासून तळ हेलिकॉप्टरने बारा मिनिटांवर. एका जवानाचे वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. त्याने विचारलं, “साहेब, घरी कधी पोहोचेन?” मी म्हणालो, “परवा.” त्याने घरी तसंच कळवलं. दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि चार दिवस हेलिकॉप्टर आलं नाही. घरच्यांनी परवापर्यंत वाट पाहिली, मग अंत्यसंस्कार उरकले. तो पोहोचला तेव्हा सगळं संपलं होतं. मला तो एका शब्दाने बोलला नाही. हवामान माझ्या हातात नव्हतं, पण “परवा” हा शब्द माझा होता. त्याने प्रवासाचा वेळ विचारला होता, मी उड्डाणाचा सांगितला.

त्यानंतर माझ्या डायरीत दोन रकाने आले: उड्डाण किती, आणि थांबावं लागलं तर किती. दुर्गम जागी जाणार असाल, तर पुढच्या विमानाचं तिकीट दोन-तीन दिवस राखून काढा. औषधं जास्तीची घ्या. आणि घरच्यांना एक तारीख देऊ नका. “या तारखेपासून त्या तारखेपर्यंत” असं सांगा. वाट पाहणाऱ्याला खरं काय ते कळायला हवं.