धार ते धार, मोटारसायकलवर

(मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांचा निरोप आला, "तुम्ही सगळे डिसेंबरात गाड्या घेऊन हिंडून आलात, ते पाडव्याला सगळ्यांना सांगा." आम्ही पडलो सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. फाइलीवर टीप लिहायची सवय, भाषणाची नाही. तेव्हा बोलताना मराठीत हिंदी मिसळली तर सांभाळून घ्या. पुण्याचे पाहुणे आमच्या माळवी मराठीला हसतातच, आज तुम्हीही थोडे हसलात तरी चालेल.

आजकाल मोबाइलवर मोटारसायकलच्या टोळ्या फार दिसतात. कोणी लडाखला जातो, कोणी थेट चीनच्या खेड्यापाड्यांतून भाताच्या शेतांच्या कडेकडेने जातो. बघून आमच्याही तोंडाला पाणी सुटायचे. पण आमची झेप ती किती? एक किरकोळ रजा, पुढचा शनिवार-रविवार, आणि धारहून निघून धारलाच परत.

निघण्याचे खरे कारण मात्र वेगळे होते. आमच्यातल्या एकाचा मुलगा नववीत आहे. शाळेत फॉर्म भरताना 'मातृभाषा' या रकान्यात त्याने 'हिंदी' लिहिले. वडील रागावले. मुलगा शांतपणे म्हणाला, "पापा, घर में आधी हिंदी ही तो बोलते हैं. और हम लोग यहाँ आए कब? कहाँ से?" वडिलांनी आजोबांपर्यंत सांगितले. पणजोबांपाशी गाडी अडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हा प्रश्न चहाच्या टपरीवर आम्हा सगळ्यांना विचारला. आमच्यापैकी एकालाही पणजोबांच्या पलीकडे धड काही सांगता येईना. मग ठरले की मुलाला घेऊनच निघायचे. आपली माणसे ज्या वाटांनी या मुलखात आली, त्यांतल्या चार जागा तरी त्याला दाखवायच्या.

सहा गाड्या, आठ माणसे. चालवणारे सहा जण चाळिशी-पन्नाशीतले. मागच्या सीटवर दोघे: एक हा मुलगा आणि दुसरे आमचे निवृत्त गुरुजी, वय वर्षे एकाहत्तर. गुरुजींच्या घरून परवानगी काढायला आम्हाला तीन चकरा माराव्या लागल्या. काकूंची अट एकच होती, हेल्मेट उतरायचे नाही. गुरुजींनी ती इतकी पाळली की चहाही हेल्मेट घालूनच प्यायले.

शुक्रवारी पहाटे सहाला निघालो ते आधी उलट्या दिशेला, तिरल्याकडे. तिरला आपल्याला रोजचा. बस थांबते, माणसे चढतात-उतरतात. पण 29 नोव्हेंबर 1728 ला याच अमझेरा-तिरल्याच्या टापूत चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही त्या लढाईत पडले. माळव्याचे दार मराठ्यांना उघडले ते इथे. उदाजी पवार, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे ही नावे माळव्यात रुजली ती याच काळात. पुढे पवारांची गादी धारला बसली आणि देवासलाही. गुरुजींनी रस्त्याकडेला उभे राहून, गव्हाच्या शेताकडे हात करून हे सांगितले. मुलाने विचारले, "यहाँ बोर्ड क्यों नहीं है?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिथून फिरून धारवरूनच मांडूला. जाताना आपला किल्ला उजेडात छान दिसत होता. दुसरे बाजीराव पेशवे 1775 मध्ये याच किल्ल्यात जन्मले, हे मुलाला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यातल्या दोघांनाही नव्हते, आणि ते दोघे रोज किल्ल्यासमोरूनच ऑफिसला जातात.

मांडूबद्दल तुम्हाला काय सांगावे! पाहुणा आला की आपण त्याला जहाज महाल दाखवतो आणि खुरासानी चिंचेचे फळ हातात देतो. या वेळी आम्ही रूपमती मंडपात बराच वेळ बसलो. तिथून विंध्याचा कडा तुटतो आणि खाली निमाड पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघही दिसते. गुरुजी म्हणाले, "माळवा इथे संपतो. आपले लोक दक्षिणेतून आले ते ही नदी ओलांडून आणि हा डोंगर चढून. तुम्ही आता उतरणार आहात, ते चढले होते." मुलगा बराच वेळ खाली बघत बसला.

आता मंडळी, पुढचा भाग सांगावा की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. पण मुले समोर बसली आहेत, म्हणून सांगतो.

मांडूहून निमाडात घाट उतरताना आमच्यातल्या एकाने गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचते, हा आपला जुना समज. उतार लांब, सगळा भार ब्रेकवर. मागच्या चाकाचा ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो, आणि तापला की त्याची पकड जाते. पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही. गाडी गिअरमध्ये असती, दुसऱ्या किंवा तिसऱ्या, तर इंजिननेच तिला मागे ओढून धरले असते. हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवले होते. वळणावर गाडी वळली नाही. घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, मुरमावर चाक घसरले आणि गाडी कडेच्या चारीत आडवी झाली. मागे तो मुलगा बसला होता.

त्या दोन-तीन सेकंदांत आमच्या पोटात काय झाले ते सांगता येणार नाही. मुलगा उठून बसला. गुडघा सोलला होता, तळहाताला खरचटले होते. चालवणाऱ्याचे मनगट सुजले. हेल्मेटला बाजूने लांब ओरखडा पडला होता. तो ओरखडा बघून आम्ही सगळेच गप्प झालो. हेल्मेट नसते तर तो डोक्यावर पडला असता.

वरून एक भिलाला शेतकरी मोटारसायकलवर दुधाचे डबे लावून येत होता. त्याने गाडी थांबवली, काही न विचारता आडवी गाडी उभी करायला हात लावला आणि आम्हाला खालच्या आपल्या घरी नेले. त्याच्या बायकोने गरम पाणी दिले, हळद दिली, चहा केला. पैसे काढले तर तो रागावला.

प्रश्न पडला की घरी कळवायचे का. कोणी म्हणाले, संध्याकाळी सांगू. कोणी म्हणाले, परत गेल्यावर. गुरुजी म्हणाले, "आत्ता सांगा. घरच्यांपासून लपवून केलेली यात्रा ही यात्रा नव्हे, पळून जाणे आहे." फोन लावला. वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्याला फोन द्या." माय-लेकरांचे काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही. फोन ठेवून मुलगा म्हणाला, "आई म्हणाली, ठरव तू. मला रावेरखेडीला जायचंय." मंडळी, त्या दिवशी त्याच्या तोंडून आलेले हे पहिले सलग मराठी वाक्य.

धामनोदला डॉक्टरांना दाखवले, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले, मनगटाला पट्टी बांधली. गाड्यांची अदलाबदल केली आणि अगदी सावकाश महेश्वरला पोचलो.

महेश्वरचा घाट संध्याकाळी बघावा. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत राज्य केले आणि राजधानी ठेवली ती इथे, नर्मदेच्या काठी. आम्हाला सगळ्यांत भावले ते त्यांच्या बसण्याच्या जागेचे साधेपण. काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्यांनी देवळे, घाट, विहिरी बांधल्या, त्यांचा स्वतःचा वाडा म्हणजे लाकडी खांबांचे, ओसरीचे घर. गावी आपल्या आजोळी असते तसे. वहिनींसाठी माहेश्वरी साड्या घ्यायच्याच होत्या, आणि त्या दुपारच्या प्रसंगानंतर तर जरा जास्तच घेतल्या. विणकराने साडीच्या काठाची नक्षी दाखवली आणि मग किल्ल्याच्या भिंतीवरची तीच नक्षी दाखवली. दगडावरची वेल लुगड्यावर उतरली आहे.

शनिवारी मंडलेश्वर, बडवाह, सनावद करत बेडियाला पोचलो. बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. गावात शिरण्याआधीच आठही जण शिंकायला लागलो. तिथून आत रावेरखेडी.

शाळेत आपण सगळ्यांनी थोरल्या बाजीरावांचा धडा वाचला आहे. विसाव्या वर्षी पेशवाई, पालखेडला निजामाची कोंडी, दिल्लीपर्यंत धडक. पण मृत्यूची जागा आपल्यापासून इतकी जवळ आहे, हे ध्यानात येत नाही. निजामाच्या मुलाशी तह होऊन खरगोण आणि हंडियाची जहागीर मिळाली होती, ती पाहण्यासाठी ते इकडे आले. तापाने आजारी पडले आणि 28 एप्रिल 1740 ला नर्मदेच्या काठी गेले. वय चाळीसही पूर्ण नाही. एप्रिलमधले निमाड म्हणजे काय ते आपल्यापैकी ज्यांची तिकडे बदली झाली आहे त्यांना विचारा.

दगडी भिंतींचे आवार, मध्ये समाधी, खाली नदी. फार गर्दी नाही, फार गाजावाजा नाही. महेश्वरच्या धरणाच्या फुगवट्यात ही जागा जाणार, ही भीती कितीतरी वर्षे होती. आम्ही आठही जण चपला काढून उभे राहिलो. आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले आणि समोर जो विसावला होता तो चाळिशी न गाठलेला. आदल्या दिवशी घाटात तीन सेकंदांसाठी आमचा जीव कसा वर आला होता, आणि हा माणूस वीस वर्षे घोड्याच्या पाठीवर होता. गुरुजींनी तिथे भाषण दिले नाही. नुसते डोके टेकले.

आवाराबाहेर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी मुलाला विचारले, "महाराष्ट्र से आए हो?" मुलगा म्हणाला, "नहीं दादा, धार से. पर हम मराठी हैं." म्हातारे हसले, "तो फिर घर के ही हो." मुलाचे वडील नदीकडे तोंड करून उभे राहिले. आम्हीही थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले नाही.

रविवारी इंदूरवरून देवास. तिथे तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांच्या थोरल्या पातीची आणि धाकट्या पातीची अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक खाजगी सचिव होता. पुढे त्याने देवासवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावात टेकडीवरच्या देवीला स्थान दिले. आम्ही टेकडी चढलो, चामुंडामातेचे दर्शन घेतले. गुडघ्याला पट्टी बांधलेला मुलगा सर्वांच्या पुढे.

पण देवासला जायचे मुख्य कारण कुमार गंधर्व. बेळगावकडचा, घरी कन्नड बोलणारा, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला हा गायक 1948 मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आला. कित्येक वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली, रस्त्यावरून जाणाऱ्यांची भजने ऐकली. बरे झाल्यावर त्याच लोकधुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले. 1992 मध्ये गेले तेही देवासलाच. गुरुजींनी मुलाला एवढेच सांगितले, "आपण इथे का आहोत याचे एक उत्तर तिरल्याला आहे, दुसरे इथे. तलवारीने आलेला जागा मिळवतो, कान देऊन राहिलेला त्या जागेचा होतो."

रात्री दहाला धारला पोचलो. सव्वाचारशेच्या आसपास किलोमीटर झाले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी गुडघा पाहिला, मग हेल्मेटवरचा ओरखडा, आणि मग आमच्याकडे असे पाहिले की साड्यांची पिशवी आम्ही लगेच पुढे केली.

मंडळी, मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र अजून पुरते मिळालेले नाही. पवार-होळकर कसे आले ते सगळे पुस्तकांत आहे. पण त्यांच्याबरोबर आलेला कारकून, पुजारी, वैद्य, शिलेदार, स्वयंपाकी, म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा, त्यांचे कोणी लिहून ठेवले नाही. काहींचे आजोबा तर रेल्वेच्या आणि शाळेच्या नोकरीसाठी पुढे कधीतरी आले. ते सगळे या सभागृहातल्या सत्तरी-ऐंशीच्या मंडळींच्या आठवणीत आहे, आणि आमच्या पिढीने विचारलेच नाही.

म्हणून एक विनंती. येत्या गणेशोत्सवात दहाही दिवस मंडपात, प्रसादाच्या टेबलाशेजारी, एक जाड वही ठेवू. प्रत्येक घराने एक पान लिहायचे: मूळ गाव कोणते, माळव्यात पहिले कोण आले, कशासाठी आले, कुलदैवत कोणते. आठवत नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा, दुसऱ्या कोणाला आठवेल. ज्यांना लिहायला त्रास होतो त्यांच्याकडे मुलांनी जायचे, ऐकायचे आणि मराठीत उतरवून घ्यायचे. अक्षर वाकडे चालेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल.

पहिले पान लिहून झाले आहे. ते त्या नववीतल्या मुलाने लिहिले. पणजोबांच्या वर तीन ओळी कोऱ्या आहेत. मातृभाषा हा रकाना त्याने स्वतःहून आखला आहे आणि त्यात लिहिले आहे: मराठी, आणि हिंदीही.

पुढच्या सहलीला ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे द्या. अटी दोन: हेल्मेट, आणि उतारावर गाडी गिअरमध्ये.

गणपती बाप्पा मोरया!