एक सर्व्हर, अनेक संकेतस्थळं

गावचं वाचनालय, शाळा, पतसंस्था यांची संकेतस्थळं पुष्कळदा एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर असतात. तिथं भरलेला फोन नंबर किंवा पासवर्ड वाटेत कुणी वाचू नये, यासाठी प्रत्येक संकेतस्थळाला सुरक्षा प्रमाणपत्र हवंच.

पूर्वी यात मोठी अडचण होती. संभाषण गुप्त होण्याआधीच सर्व्हरला प्रमाणपत्र दाखवावं लागे आणि कोणतं संकेतस्थळ हवंय, हे ब्राउझर सांगायचा त्यानंतर. मग सर्व्हरनं दाखवायचं तरी कुणाचं? म्हणून बहुतेक जण दर संकेतस्थळामागे वेगळा आयपी पत्ता घेत. 2003 साली त्यावर तोड निघाली, सर्व्हर नेम इंडिकेशन. ब्राउझर पहिल्याच निरोपात नाव सांगू लागला. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला मात्र हे कधीच जमलं नाही, त्यामुळे ही सोय रुळायला बरीच वर्षं गेली.

राहिला खर्चाचा प्रश्न. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेनं सर्वांसाठी मोफत प्रमाणपत्रं खुली केली, आणि तोही सुटला.

आता प्रत्यक्ष कामाचं. सर्व्हरवरची प्रणाली अपाचे असो वा एन्जिनएक्स, तिच्या सेटिंगमध्ये प्रत्येक संकेतस्थळाचा स्वतंत्र विभाग करा आणि त्यात त्याचं नाव अचूक लिहा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना, अशी दोन्ही नावं प्रमाणपत्रात घ्या. नाव जुळलं नाही, तर सर्व्हर भलत्याच संकेतस्थळाचं प्रमाणपत्र पुढे करतो आणि शाळेचं पान उघडणाऱ्या पालकांना धोक्याची सूचना दिसते.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवस टिकतं. सर्टबॉट हे साधन मुदतीआधी त्याचं आपोआप नूतनीकरण करतं. पण नेहमीच्या पद्धतीत संकेतस्थळ आपलंच असल्याची पडताळणी सर्व्हरच्या पोर्ट 80 वरून होते. सुरक्षेच्या नावाखाली ते पोर्ट बंद केलंत, तर नूतनीकरण अडतं. म्हणून सर्टबॉटच्या ‘ड्राय रन’नं नूतनीकरणाची रंगीत तालीम एकदा जरूर करा, आणि नवं प्रमाणपत्र आल्यावर सर्व्हर ते उचलतोय ना, हेही पाहा.

आज यासाठी ना जादा पत्ता लागतो, ना पैसा. लागते ती एका जबाबदार माणसाची नेमणूक. आपल्या संस्थेच्या पुढच्या बैठकीत तेवढा ठराव अवश्य करा. सभासदांनी विश्वासानं दिलेली माहिती जपणं हे संस्थेचं कर्तव्यच आहे.