जुन्या गाडीचे सुटे भाग : घेणे आणि देणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महाल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च आणि वसतिगृह ह्यांविषयी आपण दरवर्षी ऐकता. आज एका निवृत्त शिक्षकाने मोटारींच्या जुन्या सुट्या भागांवर बोलावे हे काहींस विचित्र वाटेल. परंतु समोर बसलेल्या कुटुंबांपैकी किती जणांच्या चुली एका पिकअपच्या चाकांवर चालतात, ह्याची आपण मनाशी मोजदाद करावी. माझ्या हाताखालून गेलेली कित्येक मुले आज वाडीच्या रस्त्यावर ह्याच व्यवसायात आहेत. त्यांच्या वहीखात्याला अधूनमधून हात लावीत असल्याने मला जे दिसले, तेच सांगणार आहे.

हा व्यवसाय काही कालपरवाचा नव्हे. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपगाड्या व ट्रक 'डिस्पोजल'च्या लिलावांत निघाले आणि एक गाडी मोडून दुसरी चालती ठेवण्याची विद्या देशभर पसरली. आपले नागपूर तर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन महामार्गांच्या छेदावर वसलेले. येथे गाडी बंद पडणे आणि येथेच ती दुरुस्त होणे हे ओघानेच आले. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीमुळे तर 'टेम्पो' हा आपल्या भाषेतला शब्दच होऊन बसला. तिची मॅटाडोर, १९८६ ची टाटा ४०७, १९८८ ची टाटा मोबाइल, प्यूजो कंपनीच्या परवान्याने केलेले इंजिन बसविलेल्या महिंद्राच्या गाड्या आणि पुढे २००५ मध्ये आलेला 'छोटा हत्ती', ह्यांचेच अवयव आपली मुले घेतात व विकतात.

जुन्या गाडीच्या भागास किंमत का यावी? जुने डिझेल इंजिन हे निव्वळ यंत्र आहे. त्यातील तेलाचा पंप, ज्यास मिस्त्री अजूनही 'मायकोचा पंप' म्हणतात, तो उघडता येतो, त्याचे झिजलेले भाग बदलता येतात आणि तो पुन्हा जुळविता येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांचे इंजिन संगणकाच्या आज्ञेने चालते, आणि तेथे पान्याबरोबर संगणकही जवळ लागतो. काटोल-नरखेडची संत्री कळमन्याच्या बाजारात आणणाऱ्या गाडीवाल्याचा गिअरबॉक्स ऐन अंबिया बहारात गेला, तर गाडी जितके दिवस उभी राहील तितके दिवस त्याच्या घरात पैसा येत नाही. नवा गिअरबॉक्स त्यास परवडत नाही, आणि जुन्या नमुन्याचा नवा भाग कित्येकदा मिळतही नाही. अशा वेळी जुना, पण खरा भाग देणारा मनुष्य त्याचे घर सावरतो. खोटा भाग देणारा मात्र त्याच घराचा उरलासुरला पैसाही घेऊन जातो.

आता खरा भाग ओळखावा कसा? क्राऊन आणि पिनियनची एक जोडी मी आज मुद्दाम बरोबर आणली आहे. मागच्या आसाच्या पोटात फिरणारी ही दोन दंतचक्रे. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळवितात आणि दोहोंवर जोडीचा एकच आकडा कोरतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घेतला तर दातांची संख्या जमेल, गाडी चालेलही; पण थोड्याच दिवसांत ती रडू लागेल आणि शेवटी दात तुटतील. म्हणून ही जोडी जोडीनेच घ्यावी. सुटे चक्र कोणी स्वस्तात देऊ लागला तर त्यास नमस्कार करून पुढे जावे. पंपातील प्लंजर व बॅरल ह्यांचेही असेच आहे. दातांच्या ह्या संख्येत उत्तम त्रैराशिक दडलेले आहे. वर्गात मी हे उदाहरण घातले असते तर मागच्या बाकावरची मुले पुढे आली असती!

क्रँक घेताना डोळ्यांवर विसंबू नये, मायक्रोमीटर लावावा. ती पूर्वी पाव किंवा अर्धा मिलिमीटर घासलेली असेल तर बेअरिंगही त्याच मापाचे लागते. हेड घेताना दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा पाहावी, तडा बहुधा तेथेच जातो; शिवाय लेथवाल्याकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. गिअरबॉक्सचे तेल काढून त्यात धातूचा चुरा येतो का ते पाहावे. नोझलची फवार यंत्रावर तपासावी, परंतु फवारेसमोर हात कधीही धरू नये; ते तेल कातडी भेदून आत शिरते आणि बोट गमावण्याची पाळी येते.

ब्रेकचे रबरी नळ, पॅड, स्टिअरिंगचे बॉलजॉइंट आणि टायर हे मात्र जुने घेऊ नयेत आणि आपल्या मुलांनी ते विकूही नयेत. ह्यात मी तडजोड मानीत नाही. गाडीत मागे हमाल बसलेले असतात.

विकणाऱ्यांस एक सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आपल्या दुकानातील प्रत्येक मोठ्या भागावर पांढऱ्या रंगाने लिहितो : कोणत्या गाडीचा, केव्हा उतरविला, दोष काय. "थर्ड गिअर आवाज करतो" असे लिहिलेला गिअरबॉक्सही त्याच्याकडे विकला जातो, कारण ज्यास थोडे दिवस काढायचे आहेत तो तेवढीच किंमत देऊन नेतो. बिल द्यावे, घेतानाही लिहून घ्यावे. चोरीचा माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. क्रमांक खरवडलेले इंजिन दारात आले की ते तसेच परत पाठवावे. संपूर्ण इंजिन बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात व्हावयास हवी, नाही तर फिटनेसच्या वेळी गाडी अडते.

आता भगिनींसाठी. घरधनी जातो, पिकअप अंगणात उभी राहते आणि चार दिवसांत कोणीतरी येऊन म्हणतो, "वहिनी, भंगारच आहे, देऊन टाका." त्या वेळी पैशाची नड असते आणि गाडीकडे पाहवतही नाही. तरी घाई करू नये. मृत्यूची खबर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावी व तीन महिन्यांच्या आत वारसाचे नाव लावण्याचा अर्ज करावा. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा. गाडी मोडीतच काढावयाची असेल तर नोंदणी रद्द करून घ्यावी; गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत कळवावे असे १९८८ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते. एरवी गाडी तुकड्यातुकड्यांनी चार गावी जाते, पण कागदावर ती आपल्याच दारात उभी असते, आणि कराची व दंडाची नोटीस त्याच दारी येते. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रे आली आहेत. तेथे गाडी दिल्याचे प्रमाणपत्र मिळते. कागद स्वच्छ होतो म्हणून मला ही व्यवस्था पसंत आहे. मात्र चांगला क्रँक भट्टीत जाताना पाहून माझ्या विद्यार्थ्यांचा जीव तुटेल, हेही खरे.

किंमत ठरविण्यापूर्वी आपल्यापैकी जाणत्या मुलास बोलावून इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, चाके व बॅटरी ह्यांचा वेगवेगळा हिशेब कागदावर मांडावा. पुष्कळदा ह्या पाच ओळींची बेरीज भंगाराच्या वजनी भावाहून अधिक भरते. ज्या तरुणांची असा हिशेब मोफत करून देण्याची तयारी असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे; ती यादी मंडळाच्या कार्यालयात लावली जाईल.

क्राऊन-पिनियनची जोडी मी ह्या टेबलावर ठेवतो. भोजनापूर्वी मुलांनी येऊन दात मोजावेत आणि आकडा कोठे कोरला आहे तो शोधावा. काळे तेल पुसलेले आहे, कपडे खराब होणार नाहीत.