शेवटचं कडवं गाळू नका

कुरकुंभहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय. आमच्या फिरंगाई मातेच्या गावात नवरात्र म्हटलं की गाणी आणि भारुडं आलीच. म्हणून आज एकनाथ महाराजांच्या एका भारुडाबद्दल बोलू. सून भवानी आईला रोडग्याचा नवस बोलते, ते भारुड. तुमच्यापैकी कितीतरी जणींना पाठ असेल.

त्याची बांधणी बघा. एकेका कडव्यात सासरचं एकेक माणूस येतं. सासरा येतो, सासू येते, जाऊ येते, नणंदेचं पोर येतं, दादलासुद्धा सुटत नाही. सून देवीला म्हणते, यांच्यापासून मला सोडव. मागणं केवढं मोठं, आणि नवस कसला, तर निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्याचा! म्हणून हसू येतं. पण त्या हसण्याआडून सासूसमोर, चारचौघांत, सुनेचा जाच बोलून होतो. एरवी कुठं बोलता येतो?

आता पालुपद. कडवं एकीनं म्हणायचं आणि पालुपद सगळ्यांनी धरायचं. म्हणजे गाऱ्हाणं एकीचं, पण साथ साऱ्याजणींची. एकटीनंच सगळं म्हटलं, तर ती घरातली कुरबूर वाटते. दहा जणींनी पालुपद धरलं, की ती सगळ्यांची गोष्ट होते.

आणि शेवटचं कडवं! तिथं नाथमहाराजांची नाममुद्रा येते आणि सून म्हणते, सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. इथं भारुड पालटतं. कीर्तनकार सांगतात, ही सासरची माणसं म्हणजे मनातले काम, क्रोध, लोभ. ते गेले की जीव मोकळा. पालुपदाचे शब्द तेच राहतात, पण आधी लाचेसारखा वाटणारा रोडगा आता नैवेद्य होतो.

वेळ कमी म्हणून हे कडवं गाळलं, तर उरतो फक्त सासू-सुनेचा विनोद. तेच आधी म्हटलं, तर उपदेश होतो आणि माणसं उठून जातात. आधी हसवायचं, मग जाच सांगायचा आणि शेवटी विचार द्यायचा, या क्रमातच त्याचं बळ आहे. आणि शेवटी अध्यात्म आलं म्हणून आधीचा जाच खोटा ठरत नाही. तो ऐकणाऱ्यांच्या कानावर पडलेला असतो.

दारूबंदीवर किंवा हुंड्यावर नाटुकलं बसवतानाही हे उपयोगी पडतं. घोषणेनं सुरुवात करू नका. ओळखीचं घर दाखवा, हसवा, एकच ओळ सगळ्यांच्या तोंडी परत परत आणा. सांगायचं ते शेवटाला ठेवा, आणि वेळ कमी पडला तर मधलं एखादं कडवं कमी करा.

तालमीला बसाल तेव्हा पालुपद जोरात धरा बरं का.